मिशीवाली सवत

माझ्या सवतीला मिशी होती. जाड, काळी, दोन्ही टोकांना किंचित खाली उतरलेली. उंची सहा फूट, आवाज घोगरा आणि उजव्या गुडघ्याचं जुनं दुखणं. नाव फर्मिन. हे गुडघ्याचं मला कसं ठाऊक, तर माझ्या नवऱ्यानं सांगितलं. माझ्या नवऱ्यानं आपणहून मला जे काही सांगितलं त्यातलं बहुतेक सगळं फर्मिनबद्दल होतं.

रस्त्यात लोक मला थांबवतात. ‘नोराइमा, तुझा ओनेलिओ म्हणजे आपल्या सांक्ती स्पिरितुसची शान!’ पाववाला म्हणतो, दातांचा डॉक्टर तोंडात हत्यार घालून म्हणतो. बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर आमच्या गावात काही पोत्यानं मिळत नाही. मी हसते, मान हलवते आणि मनात म्हणते, न्या की चार दिवस तुमच्या घरी. बसवा तुमच्या टेबलाशी. आणि तुमच्याकडे एकदा तरी बघतो का, ते मला येऊन सांगा.

तर ओनेलिओची गोष्ट. गावाबाहेरच्या साखर कारखान्यात त्याचे वडील फिटर होते. आमच्याकडे शाळेत मुलांना पाढ्यांबरोबर बुद्धिबळही शिकवतात आणि मुलं दोन्ही विसरतात. ओनेलिओ पाढे विसरला. अकराव्या वर्षी त्याला खेळाच्या निवासी शाळेसाठी निवडलं. तो तिथं पोचला त्याच दिवशी आमच्याच प्रांतातल्या त्रिनिदाद गावाहून एक लांबुडका मुलगा आला. दोघांना मिळून एक दुमजली खाट दिली. वर फर्मिन, खाली ओनेलिओ. माझ्या संसाराला तडा गेला तो त्या दिवशी. मी तेव्हा चौथीत होते.

मला तो भेटला तेव्हा मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात होते. पहिल्यांदाच परदेशी स्पर्धेला निघाला होता आणि त्याचा ग्वायाबेरा, म्हणजे आमच्याकडचा तो चार खिशांचा सदरा, खांद्यात ढगळ होत होता. मी मापं घेतली. तो माझ्या टेपकडे बघत राहिला. एक शब्द नाही. मला वाटलं, काय गंभीर माणूस आहे! बाकीची पोरं माप देताना माझ्या मानेवर फुंकर मारायची.

‘मुका आहे का गं?’ आईनं विचारलं.

‘विचार करतो तो, आई.’

‘कशाचा?’

मला वाटलं होतं, माझा.

लग्नात साक्षीदार फर्मिन होता. फोटोत तो आमच्या दोघांच्या मधे उभा आहे, कारण फोटोग्राफर म्हणाला, उंच माणूस मधे घ्या. त्या काळी सरकारकडून नव्या जोडप्याला केक, बिअरच्या पेट्या आणि समुद्राकाठच्या हॉटेलात तीन रात्री मिळायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. काखेत पट घेऊन फर्मिन उभा. राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आली होती ना! मी पोहून आले, केस वाळवले, जेवून आले, तरी दोघे पलंगावर समोरासमोर बसून होते. माझ्या पलंगावर. पोहण्याचा पोशाख नवा होता, लाल होता, स्वतः शिवलेला होता. मी दोघांच्या समोरून तीन वेळा गेले. फर्मिननं निदान पाय तरी बाजूला घेतला.

आता कोणी म्हणेल, बाई, खेळ आहे तो, पोटाचा धंदा आहे. मलाही कळतं. बुद्धिबळाचा मला राग नव्हता. रात्र रात्र पुस्तकात डोकं घालून बसतो, बसू दे. माझ्या पोटात दुखायचं ते वेगळ्या गोष्टीनं. ग्रँडमास्टर म्हणजे काय, तर समोरच्या माणसाला वाचणारा. आणि ओनेलिओ फर्मिनला असा काही वाचायचा की बस. ‘आज त्यानं कॉफीत साखर उशिरा घातली, म्हणजे झोपलेला नाही. उद्या वजिरापुढचं प्यादं ढकलेल.’ आणि दुसऱ्या दिवशी फर्मिन तेच प्यादं ढकलायचा. ‘संत्रं सोलताना साल तुटली, बायकोशी भांडला असणार.’ खरंच भांडलेला असायचा. फर्मिनच्या तीन बायका आल्या आणि गेल्या, तिघींचं जाणं माझ्या नवऱ्याला आधी कळलं.

आणि मी? मी एकदा कमरेपर्यंतचे केस कानापर्यंत कापून आले. शेजारची मिर्ता कुंपणावरून ओरडली, ‘अगं पोरी, हे काय करून घेतलंस!’ समोरच्या घरचा कुत्रा भुंकला. ओनेलिओ जेवला, ताट उचललं आणि म्हणाला, ‘फर्मिनचा गुडघा पुन्हा धरलाय.’

फर्मिन दर रविवारी यायचा. मी त्याला कॉफी द्यायची ती कडा फुटलेल्या कपात. घरात चांगले कप होते. तो निमूट प्यायचा, ओठ सांभाळून. ह्या एवढ्याशा गोष्टीनं मला आठवडाभर बरं वाटायचं.

मग नव्वदनंतरची ती वाईट वर्षं आली. रशियाची मदत बंद झाली, दिवे जायचे, लोक साखरपाणी पिऊन झोपायचे, बस नाही म्हणून गाव सायकलवर. त्यात ह्यांची खरी कारकीर्द सुरू झाली. मेक्सिको, कोलंबिया, एकदा स्पेन. खर्च वाचावा म्हणून आपले दोन खेळाडू एका खोलीत ठेवायचे, आणि हे दोघे एकाच प्रांतातले. म्हणजे पुन्हा वर फर्मिन, खाली ओनेलिओ. रात्री एका खोलीत घोरायचं, सकाळी एकमेकांचा गळा कापायचा, संध्याकाळी एकत्र सूप प्यायचं. ओनेलिओ परत यायचा तेव्हा पिशवीत साबण, लेकीला बूट, मला शिवणयंत्राच्या सुया. आणि तोंडात फर्मिन.

ग्रँडमास्टर व्हायला तीन वेगवेगळ्या स्पर्धांत ठरावीक कामगिरी करून दाखवावी लागते. फर्मिन आधी झाला. ओनेलिओचं तिसऱ्या वेळी घोडं अडलं ते काही वर्षं अडलंच. शेवटी कोलंबियात जमलं, आणि नेमका त्या खेपेला फर्मिन बरोबर नव्हता. गल्लीत टेलिफोन फक्त मिर्ताकडे. ती कुंपणाशी येऊन किंचाळली, मी अनवाणी धावले.

‘नोरा, झालो,’ तो म्हणाला.

मी रडायलाच लागले. इतकी वर्षं मीही त्याच पटाखाली राहिले होते. म्हटलं, आता काहीतरी बोलेल. माझ्याबद्दल, आपल्याबद्दल.

‘फर्मिनच्या बहिणीला निरोप दे,’ तो म्हणाला. ‘त्याला कळायला हवं.’

मिर्ता शेजारीच उभी होती, हात पुढे करून विचारते, ‘काय म्हणाला गं?’ मी सांगितलं, ‘म्हणाला, हे तुझ्यामुळे झालं.’ सांगताना माझे कान तापले होते.

एकदा मी हट्टानं ओल्गिन शहरातल्या स्पर्धेला गेले. मला डोळ्यांनी बघायचं होतं, माझ्याकडे नसलेलं त्या मिशीवाल्याकडे काय आहे ते. खेळताना काही दिसलं नाही. दोघेही मेल्यासारखे बसलेले, कोणी खोकलं तरी पंच डोळे वटारायचा. समोरच्याचा विचार चालू असला की आपण श्वासही जपून घ्यायचा, हा त्यांचा धर्म. ओनेलिओ हरला. मला वाटलं, आता तोंड पाडून माझ्याकडे येईल. मी तळलेल्या केळ्यांची पुडी घेऊन दारात उभी राहिले.

तो आलाच नाही. मागच्या खोलीत दोघांनी तोच डाव पुन्हा मांडला होता. ही त्यांची रीत. डाव संपला की जिंकलेला आणि हरलेला एकत्र बसून तो पहिल्यापासून उलगडतात. कुठं चुकलं, मनात काय होतं, कशाला घाबरलो, सगळं. आणि तिथं माझा मुका नवरा बोलत होता! हातवारे करत होता. ‘इथं तू माझ्या उंटाकडे बघितलंस आणि माझं पाणी पाणी झालं,’ म्हणत होता. हसत होता. वीस वर्षांच्या संसारात मी त्या हसण्याचा आवाज ऐकला नव्हता. मी दारात उभ्या उभ्या सगळी केळी एकटीनं खाल्ली. परकी बाई असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. ह्याच्या काय उपटणार, मिशी?

मग फर्मिन गेला. मेक्सिकोत मेरिदाला स्पर्धेला दोघे गेले आणि ओनेलिओ एकटाच परत आला. असं आमच्याकडे होतं. माणूस जातो, तिकडेच राहतो, आणि इकडे लोक त्याचं नाव घेताना आवाज खाली आणतात. गावातल्या बुद्धिबळ अकादमीच्या भिंतीवर दोघांचे फोटो शेजारी शेजारी होते, त्यातला एक उतरला.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी डुकराचं मटण भाजलं, काळ्या घेवड्याचा भात केला, युकाचे कंद उकडून वर लसणाची फोडणी ओतली. मिर्ता वासानं आली आणि म्हणाली, ‘कोणाचा वाढदिवस?’ मी म्हटलं, ‘माझा.’ आता हा माणूस सगळाच्या सगळा माझा होता.

काय मिळालं माझ्या हाती? एक रिकामा सदरा. ओनेलिओ डोलखुर्चीत बसायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघायचा. पट मांडायचा, पांढऱ्यांची एक चाल खेळायचा आणि तसाच ठेवून उठायचा. स्पर्धेत दहा-बारा चालींत बरोबरी घेऊन घरी यायचा. त्याच्या हाताखाली शिकलेल्या पोरांकडून हरायचा आणि डाव उलगडायला थांबायचाही नाही. अकादमीच्या संचालकांनी घरी येऊन सांगितलं, ‘ओनेलिओ, असंच चाललं तर पुढच्या वर्षी राष्ट्रीय संघाच्या यादीत तुझं नाव राहणार नाही. मुलांना शिकव, आराम कर.’ तो म्हणाला, ‘बरं.’ पन्नाशी न उलटलेला माणूस, आणि नुसतं ‘बरं’!

मी त्याच्या समोर बसून पाहिलं. नवा झगा घालून पाहिलं. भांडून पाहिलं. फर्मिन असताना मला निदान हे ठाऊक होतं की ह्याची नजर कुठं आहे. आता ती कुठंच नव्हती. तो समोरासमोर बसून माझ्या डोळ्यांदेखत विझत होता, आणि त्याला फुंकर घालू शकणारा एकच प्राणी ह्या पृथ्वीवर होता. त्याच्याकडे हात पसरायला जायचं म्हणजे माझ्या अंगाचा तिळपापड. दोन महिने मी जिभेवर दगड ठेवला. मग फर्मिनच्या बहिणीकडे गेले आणि नंबर मागितला.

तेव्हा आमच्याकडे इंटरनेट चौकातल्या बागेत मिळायचं. तासाचं कार्ड घ्यायचं, बाकावर बसायचं आणि परदेशातल्या नातेवाइकांशी बोलायचं. अख्खी बाग फोन तोंडासमोर धरून ओरडत असायची. ‘दिसतेय का मी? अरे, दिसतेय का?’ एक आजी नातवाला फोनमधूनच ओवाळल्यासारखी हात फिरवत होती. मी पुतळ्यामागची जागा पकडली, लेकीनं दिलेला फोन काढला आणि सवतीला फोन लावला.

पडद्यावर एक गुळगुळीत माणूस आला. मिशी नव्हती. क्षणभर मला वाटलं चुकीच्या माणसाला लागला.

‘नोरा!’ तो ओरडला. ‘काय झालं? ओनेलिओ बरा आहे ना? तुझी डावी भुवई वर गेलीय, काहीतरी झालंय.’

‘माझ्या भुवईचं तुला काय माहीत?’

‘मला काय माहीत! त्यानंच सांगितलंय. राग आला की डावी, काळजी असली की डावीच, पण ओठ घट्ट.’ तो हसला. ‘तुझे ओठ घट्ट आहेत.’

मी ओठ सैल सोडले.

‘आणि तो फुटका कप अजून आहे का गं? पहिल्याच रविवारी मला दारात गाठून म्हणाला, मुकाट्यानं पी, तेवढंच तिला बरं वाटतं. वीस वर्षं ओठ कापून घेतलेत मी तुझ्यासाठी.’

‘अजून काय सांगितलंय त्यानं?’ मी विचारलं.

‘काय नाही सांगितलं ते विचार! रोज डाव संपला की सोंगट्या राहायच्या बाजूला आणि ह्याचं सुरू. नोरानं केस कापले, मानेवर तीळ आहे ते आता दिसलं. नोरा सुईत दोरा एका झटक्यात ओवते, पण तिची आई गेली त्या आठवड्यात चार-चार वेळा चुकायची. त्या आठवड्यात हा माझ्याशी काही खेळूच शकला नाही, हत्ती फुकट घालवला. तू लाल कपड्यात पोहायला गेलीस तेव्हा म्हणाला, माझी चाल तूच खेळ, मला पट दिसत नाहीये.’

बाग माझ्याभोवती ओरडत होती. मी ऐकत होते. माझं अख्खं आयुष्य एका बिनमिशीच्या माणसाच्या तोंडून. सुख व्हायला हवं होतं, नाही का? झालंही असेल कुठंतरी खाली. पण वर होता तो संताप. तीळ माझा, आई माझी, लाल कपडा माझ्या हातचा. आणि सगळं ऐकायला मिळालं ह्याला! इतकी वर्षं मला वाटत होतं ह्यानं माझ्या नवऱ्याचे डोळे पळवले. डोळे घरीच होते. ह्यानं पळवलं होतं ते बोलणं.

‘फर्मिन,’ मी म्हटलं, ‘त्याच्याशी खेळ. फोनवर खेळ, कसाही खेळ. तो मरतोय.’

तो म्हणाला, ‘मी रोज वाट बघतो, नोरा. पहिला फोन मी कसा करू, सोडून आलोय मी. इथं मला हरवणारे आहेत, माझ्याकडून हरणारे आहेत. डाव झाला की सगळे हात मिळवतात आणि आपल्या घरी जातात.’ त्याचे डोळे भरले होते. मला दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

‘उद्या पाच वाजता,’ मी म्हटलं. ‘मी आणते त्याला इथं.’ आणि कार्डात वेळ उरलेली असताना फोन बंद केला.

घरी आले तेव्हा ओनेलिओ ओट्यावर डोलखुर्चीत होता. मी पर्स भिरकावली आणि त्याच्या समोर उभी राहिले.

‘माझ्या मानेवर तीळ आहे?’

त्यानं मान वर केली. ‘आहे. डावीकडे.’

‘त्या फर्मिनला सांगायला तोंड होतं! आई गेली तेव्हा मी दोरा कसा ओवत होते ते त्रिनिदादच्या त्या लांबुडक्याला ठाऊक, आणि मी वेड्यासारखी समजत होते की माझ्या नवऱ्याला माहीतच नाही! मला का नाही कधी बोललास? मी काय भिंत आहे?’

मिर्ता कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. राहू दे म्हटलं.

ओनेलिओ माझ्याकडे बघत होता. ओल्गिनला फर्मिनकडे बघत होता तसं, पापणी न हलवता, घाई न करता. ही नजर मी जन्मभर दुसऱ्यावर पडलेली पाहिली होती. आता ती माझ्या अंगावर होती.

‘चाल तुझी होती,’ तो म्हणाला.

‘कसली चाल?’

‘लग्नानंतर वर्षभरानं. मी मेक्सिकोहून आलो होतो, तू पाण्याच्या रांगेत उभी होतीस. तू विचारलंस, ओनेलिओ, हे असंच चालायचं का? मी बोलणार होतो. तर तू म्हणालीस, थांब, काही बोलू नकोस, आधी मला नीट विचार करू दे.’

‘मग?’

‘मग मी थांबलो.’

‘कधीपर्यंत?’

तो गोंधळून माझ्याकडे बघू लागला, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं. ‘दुसऱ्याचा विचार चालू असताना बोलायचं नसतं, नोरा.’

मला त्यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. पाणी आलं असेल, बादल्या भरल्या असतील, लेकरू रडलं असेल, मी विसरून गेले असेन. बायका दिवसाला दहा वेळा असं म्हणतात! आणि हा माणूस, ज्याला जग ग्रँडमास्टर म्हणतं, त्या रांगेतल्या एका वाक्यापाशी श्वास रोखून बसून राहिला. मी केस कापले, आई गेली, पोर मोठी होऊन हवानाला गेली, आणि हा आपला शहाण्यासारखा माझी वाट बघतोय. कोणाचं डोकं फोडावं ते कळेना, त्याचं की माझं.

‘अगं, बोल की काहीतरी!’ मिर्ता कुंपणावरून म्हणाली.

मी दुसरी डोलखुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर इतकी जवळ ठेवली की गुडघ्याला गुडघा लागला. बसले.

‘झाला माझा विचार,’ मी म्हटलं. ‘हे असं चालायचं नाही. आता तू बोल.’

त्यानं हात पुढे केला आणि माझ्या कानामागचे केस बाजूला सारले, एखादी सोंगटी जागेवर नीट बसवावी तितक्या जपून.

‘फार वेळ घेतलास,’ तो म्हणाला.

मला रडू कोसळलं. त्याचा हात मी दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवला, आणि तेवढ्यातही माझ्या मनात आलं ते हेच, की उद्या पाच वाजता हे सगळं तो फर्मिनला सांगणार.